सर्व्हरवर रात्रभर कोण लॉगिन करालंय?

प्रश्न: सर, आमच्या वाचनालयातल्या मराठी-कन्नड पुस्तकांची यादी ऑनलाइन ठेवलीय, त्यासाठी एक छोटा उबुंटू सर्व्हर भाड्यानं घेतलाय. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघितला तर रात्रभर रूट, अ‍ॅडमिन असली नावं टाकून कोणतरी आत शिरायला बघालंय. एकेक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) हातानं फायरवॉलमध्ये ब्लॉक करालोय, पण सकाळी परत नवीनच. काय करू? — एक वाचक, खानापूर

उत्तर: घाबरू नका, तुमच्या वाचनालयावर कुणाचा राग नाही. हे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम असतात, २२ नंबरचं पोर्ट (लांबनं लॉगिन करायच्या एसएसएचचं दार) कुठं उघडं आहे ते बघत जगभर फिरतात. हातानं ब्लॉक करणं म्हणजे पावसाळ्यात तण उपटत बसल्यागत, संपायचंच नाही.

फेल-टू-बॅन (fail2ban) नावाचा प्रोग्राम टाका. ते लॉग वाचत बसतं, मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ वेळा लॉगिन चुकलं की तो पत्ता फायरवॉलमध्ये १० मिनिटं बंद करतं आणि वेळ संपली की आपणच काढून टाकतं. मला १० मिनिटं कमी वाटतात, मी १ तास ठेवतो आणि परत परत येणाऱ्याची वेळ वाढत जाईल असं करतो, ०.११ व्हर्जनपासून ती सोय आहे. बदल त्याच्या जेल डॉट लोकल या सेटिंगच्या फाइलीतच लिहा, मूळ जेल डॉट कॉन्फला हात लावू नका, अपडेट आलं की तिथलं जाऊ शकतं.

कायमचा बॅन मात्र नको. मोबाइल कंपन्या कितीतरी गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक आयपीमागं बसवतात, म्हणजे आज ज्याला अडवलं तो पत्ता उद्या तुमच्याच एखाद्या वाचकाच्या फोनला असू शकतो की ओ. घरचा आयपी स्थिर असेल तर इग्नोर-आयपीत (कधीच न अडवायच्या पत्त्यांच्या यादीत) घाला. मी एकदा पासवर्ड चुकवून स्वतःच बाहेर राहिलो होतो, शेवटी होस्टिंगवाल्याच्या वेब कन्सोलवरनं आत जाऊन अनबॅन करावं लागलं, तेव्हा तो कन्सोल चालतोय का ते आधी बघून ठेवा.

आणि खरं कुलूप हे नव्हे. शेकडो पत्त्यांवरनं एकेकदाच प्रयत्न झाला तर फेल-टू-बॅनला कळतच नाही, म्हणून एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) बनवा, दुसऱ्या खिडकीत कीनं लॉगिन होतंय बघा आणि मगच पासवर्डनं लॉगिन बंद करा. भाड्याच्या उबुंटूवर इथं बरेच जण फसतात: एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलीत पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढं 'नो' लिहिलं तरी एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरात क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा चालू होताना सेटिंग करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल असते, तिच्यात 'येस' असेल तर तेच चालतं. 'सुडो एसएसएचडी' या कमांडपुढं डॅश आणि मोठा टी देऊन पासवर्ड ऑथेंटिकेशनच्या ओळीत काय येतंय ते वाचा. तिथं 'नो' दिसेपर्यंत काम झालं म्हणू नका.