एन्डोस्कोपी होईपर्यंत पोळी बंद करू नका, आणि हिंगाच्या डबीकडेही बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन कंटाळलात तरी हिमोग्लोबिन 9 च्या वर सरकत नाही, पोट सतत फुगतं, टीटीजी-आयजीए 140 आलाय (लॅबची मर्यादा 20; ही सीलिॲकसाठीची रक्तातली अँटिबॉडी तपासणी, सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार), डॉक्टरांनी एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आतडं बघायची तपासणी, सांगितलीय. पण तुम्ही गेल्या आठवड्यापासून गहू बंद केलाय आणि बरं वाटतंय, तर मग नळी घालून घ्यायची कशाला? शिवाय सासूबाई म्हणतात, 'आपल्यात हे असले आजार नसतात.'

मी डॉक्टर नाही, पण सीलिॲकचं निदान होऊन मला बरीच वर्षं झाली, आणि पुढे घरातल्या सगळ्यांच्या तपासण्याही करून झाल्या. त्यावरून सांगते.

आज रात्रीपासून पोळी पुन्हा सुरू करा. उद्या डॉक्टरांना फोन करून सांगा की मध्ये एक आठवडा गहू बंद होता, आणि तारीख पुढे ढकलायची का ते विचारा. गहू बंद केला की रक्तातल्या अँटिबॉडी उतरायला लागतात, आतड्याचं अस्तर सावरायला लागतं, आणि मग तपासणीत आजार असून दिसत नाही. एक आठवडा तसा थोडा आहे, अजून काही बिघडलेलं नसावं. महिनोन्‌महिने बंद ठेवून तपासायला गेलात, तर डॉक्टर सहसा सहा ते आठ आठवडे परत गहू खायला लावतात, फारच त्रास होत असेल तर किमान दोन आठवडे. रोज दोन पोळ्या पुरतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं.

नळी का, तर बायका आपल्याकडे वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहतात आणि 'बायकांचं रक्त कमीच असतं' म्हणून कोणी पुढे बघत नाही. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सीलिॲकचा पहिला मार बसतो तोही तिथेच. गव्हातल्या ग्लूटेनवर शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते आणि स्वतःच्याच अस्तरावर हल्ला करते. टर्किश टॉवेलवर जसे बारीक धागे उभे असतात तसे त्या अस्तरावर उंचवटे असतात. ते झिजून सपाट झाले की गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही. किती झिजलेत हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, त्यासाठी अस्तराचा तुकडा घेऊन (म्हणजे बायोप्सी) सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं.

लहान मुलांत 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए (सीलिॲकचीच आणखी एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आलं, तर बायोप्सीशिवायही निदान करता येतं. तुमचा आकडा सातपट आहे आणि तुम्ही मोठ्या आहात. शिवाय आपल्याकडे अस्तर सपाट व्हायला जिआर्डिया (आतड्यातला एक परजीवी), ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा एक आजार), आतड्याचा क्षय अशी इतरही कारणं असतात. म्हणून रक्त आणि तुकडा दोन्ही एकच गोष्ट सांगतायत ना, हे बघणं शहाणपणाचं. आणि गहू सोडायचं हे पथ्य जन्मभराचं आहे. चार वर्षांनी कोणीतरी म्हणणारच, 'तेव्हा नुसतं रक्तातच आलं होतं ना?' तेव्हा शंका फेडायची म्हणजे पुन्हा कित्येक आठवडे गहू खाणं आलं. त्यापेक्षा आत्ता करून मोकळ्या व्हा.

तपासणीचं फार टेन्शन घेऊ नका. उपाशीपोटी जायचं, घशात स्प्रे मारतात किंवा गुंगीचं औषध देतात, पाच-दहा मिनिटांत होतं, नंतर दिवसभर घसा खवखवतो. फक्त आधीच विचारून ठेवा की तुकडे किती घेणार. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) पुढच्या टप्प्यातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन असायला हवेत, कारण नुकसान सलग नसतं, ठिकठिकाणी असतं. नुसतं 'वरून सगळं नॉर्मल दिसतंय' यावर विषय संपवू देऊ नका. रिपोर्टमध्ये मार्श 3ए, 3बी, 3सी असं काही लिहिलेलं येईल, अस्तर किती झिजलंय त्याची ती श्रेणी. बी12, फोलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड त्याच वेळी करून घ्या. हाडांच्या घनतेचं डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंना सांगा, उत्तर भारतातल्या वस्त्यांमध्ये केलेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार सापडलाय. दक्षिणेत बराच कमी, पण त्यासाठी लागणारी जनुकं तिकडेही जवळजवळ तितक्याच लोकांत आहेत. फरक ताटातला आहे. त्यांच्या सासूबाईंच्या घरी रोज भाकरी होती, पोळी सणावारी. आता पोळी रोज आणि भाकरी हौसेची.

आता पथ्य. निदान पक्कं झाल्यावरच, त्याआधी नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, दलिया, लापशी, जव हे सगळं बंद, हे कळायला सोपं आहे. सातूचं पीठ जवाचं असो की गहू-डाळव्याचं, दोन्ही नकोच. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो, ते घरी गव्हाशिवाय करा, चवीत काही कमी पडत नाही. माल्टवाली दुधात घालायची पावडर नको, त्यात जव असतो. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो, त्यामुळे चायनीज गेलं. ओट्स पहिलं वर्ष तरी नकोत.

खपलीबद्दल वेगळं लिहिते, कारण तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवणार. खपली हा गहूच आहे. 'ग्लूटेन कमी, पचायला हलका' असं सांगून महागात विकतात. मधुमेहींनी काय करायचं ते करावं, पण सीलिॲकवाल्याला खपलीची पोळी आणि साधी पोळी सारखीच.

माझ्या मते बहुतेक जण घसरतात ते दोन ठिकाणी. एक गिरणी. ज्वारी निवडून, डबा भरून गिरणीत दिली, पण तुमच्या आधी कोणाचे तरी पाच किलो गहू त्याच चक्कीतून गेलेले असतात. जात्यात उरलेलं, पीठ पडतं त्या कापडी पिशवीत अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या ज्वारीत उतरतं. गिरणीवाले काका 'आधी मूठभर दळून काढतो' म्हणतात, त्याने भागत नाही. काही गिरण्यांत उपवासाच्या दळणाची चक्की वेगळी असते, तिथे ज्वारी-नाचणी दळून देतात का विचारा. नाहीतर घरघंटी घ्या. तो खर्च मला सगळ्यात सत्कारणी लागलेला वाटतो.

दुसरी जागा हिंग. बाजारातला डबीतला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, त्यात डिंक आणि मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे वरण, आमटी, मसालेभात, पापड, लोणचं, मठ्ठा, कशात हिंग नसतो सांगा! तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणा, किंवा फोडणीत लसूण-कढीपत्त्यावर भागवा. पोळी कटाक्षाने टाळूनही टीटीजी उतरत नाही अशी तक्रार आली की मी पहिलं हिंगाचंच विचारते.

घरात बाकीचे पोळी खाणार असतील तर खाऊ द्या, पण तुमची परात, पोळपाट-लाटणं आणि तवा वेगळा ठेवा. तुमच्या भाकरी आधी, पोळ्यांची कणीक नंतर. पोळ्यांना येणाऱ्या बाईंना हा क्रम नीट समजावा. आणि तूप! पोळीवर फिरवलेला चमचा परत तुपाच्या भांड्यात जातो. तुमचं तूप वेगळ्या वाटीत काढून ठेवा.

'चिमूटभराने काय होतंय' हे तुम्हाला सत्यनारायणाच्या शिऱ्यावरून सगळ्यात जास्त ऐकायला लागेल. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं तरी अस्तराला इजा होते असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे एका पोळीचा साधारण पन्नासावा भाग. मी पंचामृत घेते आणि शिऱ्याला हात जोडते. घरचा सत्यनारायण असेल तर तांदळाच्या रव्याचा शिरा करा, देवाची काही तक्रार नसते, तक्रार असते ती मावशीची.

पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. ते बिस्किट-ब्रेड कधीतरी ठीक, पण महाग, आणि आत नुसता स्टार्च आणि साखर. आपल्याकडे भाकरी, घावन, आंबोळी, उकड, भगर, राजगिऱ्याचे लाडू, उकडीचे मोदक, अनारसे असताना त्याच्या मागे का लागायचं? भाजणीची चकली चालते, भाजणीत गहू नाही ना आणि हिंग कुठला एवढं विचारून घ्या. बाहेरचा बटाटेवडा मात्र सोडा: फोडणीत हिंग, आणि त्याच तेलात समोसे तळलेले.

सुरुवातीचे काही महिने दूध बाधू शकतं, अस्तर भरून आलं की बहुतेकांना परत चालतं. टीटीजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने करा. आकडा नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, उतरत असला की झालं. हिमोग्लोबिनही हळूहळू हलायला लागेल.

तुम्ही दोन मुलं आहेत म्हणालात. निदान पक्कं झालं तर दोघांची आणि तुमच्या भावंडांची टीटीजी करून घ्या, त्रास नसला तरी. सोबत टोटल आयजीए सांगायला विसरू नका. ज्यांच्या शरीरात आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) मुळातच कमी बनतं त्यांची टीटीजी आजार असूनही नॉर्मल येते. आणि तपासणी होईपर्यंत त्यांचीही पोळी चालू ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट आला की मार्शचा आकडा इथे लिहा, मग पुढचं बोलू.