वाड्यातलं योगशिबिर आणि मुलीची बी.ए.

प्रश्न : आम्ही वरुड तालुक्यातले संत्रा बागायतदार. मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र 55 टक्क्यांचं आहे. यंदा बारावी कला शाखेत तिला 71 टक्के पडले. तिला अमरावतीला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आहे. पण कॉलेजात चौकशी केली तर वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही म्हणाले. पुण्याचा भाचा म्हणतो, वावरातला जुना वाडा दुरुस्त करून शहरातल्या लोकांसाठी निवासी योगशिबिरं घ्या. मुलगी नोंदणी पाहील, तिला पाहून पाहुण्यांनाही प्रेरणा मिळेल. पदवी मुक्त विद्यापीठातून घरबसल्या होईल. तिने योगाचा कोणता कोर्स करावा?

उत्तर : भाऊ, 'तिला पाहून पाहुण्यांना प्रेरणा मिळेल' या वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही ते मायेनेच लिहिलंय, यात मला शंका नाही. तरी स्पष्ट सांगते, मला ते फार लागलं. अठरा वर्षांची पोरगी मानसशास्त्र शिकायचं म्हणते, आणि आपण तिला ओसरीवर बसवून पैसे भरून आलेल्या लोकांना दाखवायचं ठरवतो. तिचं चालणं हे तिचं रोजचं चालणं आहे, कोणाच्या सुटीतला कार्यक्रम नाही. तिला हे विचारलंत का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. तिला योगाची आवड आहे, असंही कुठे लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट. पत्रासोबत तुम्ही हाताने काढलेला वाड्याचा नकाशा जोडलाय. पाहुण्यांच्या चारही खोल्यांना लागून कमोड, दरवाज्यापाशी सिमेंटचा उतार, ओसरीला कठडा. सगळं नीट विचार करून आखलेलं. आणि त्याच पत्रात लिहिता की मुलगी आजही आईचा हात धरून, तीन पायऱ्या चढून परसातल्या संडासाला जाते. म्हणजे उतार कसा बांधायचा, त्याला किती खर्च येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो आधी तिच्यासाठी व्हायला हवा होता. मिस्त्री बोलवाल तेव्हा पहिलं काम ते काढा.

आता कॉलेजचं. लिफ्ट नाही म्हणजे प्रवेश नाही, असा अर्थ तुम्ही लावलात, आणि कॉलेजनेही तो लावू दिला. कितीतरी पालक इथूनच माघारी फिरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने दिव्यांग विद्यार्थ्याला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि परिसर त्याला वापरता येईल असा करायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची. कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. तुमची मुलगी त्यात बसते. आणि वाजवी सोय म्हणजे लिफ्टच असं कोणी सांगितलं? तिच्या वर्गाचे तास तळमजल्यावरच्या खोलीत लावले तरी काम भागतं. त्यासाठी वेळापत्रक बदलावं लागतं, पैसा लागत नाही. हे प्राचार्यांना तोंडी सांगू नका. अर्ज लेखी द्या, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते.

कायदा आहे म्हणून सगळं आलबेल आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून पुढच्या दाराला उतार होतो, आणि मुलींचं स्वच्छतागृह मागे चार पायऱ्या चढूनच राहतं, अशी कॉलेजं मी पाहिली आहेत. म्हणून प्रवेशाआधी तिला सोबत घेऊन जा. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत तिला वॉकरने चालू द्या. स्वच्छतागृहाच्या दारातून वॉकर आत जातो का, ते तिच्या आईला पाहू द्या. अमरावतीत मानसशास्त्र शिकवणारं एकच कॉलेज नाही. जिथे हे जमतं ते निवडा, नावाजलेलं नसलं तरी चालेल.

वरुडहून रोजचं जाणं-येणं तिला झेपणार नाही, वसतिगृह लागेल. समाजकल्याणच्या वसतिगृहांत दिव्यांगांसाठी जागा राखीव असतात, तिथे चौकशी करा. एसटीत तिला 75 टक्के सवलत आहे. बी.ए.नंतर एम.ए., आणि क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवर उपचाराचं काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी देणारं पुढचं शिक्षण. मुक्त विद्यापीठाची पदवी चांगलीच आहे, पण ज्याने ती स्वतः निवडली त्याच्यासाठी. तिला घरात ठेवायला म्हणून ती वापरू नका. मैत्रिणींशी भांडण, मेसचं जेवण, शिक्षकांसमोर धीटपणे बोलणं, हे वावरात बसून येत नाही, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला तर ते फार लागतं.

ती पडेल, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. पडेलही. घरच्या अंगणातही ती पडतच असेल, आणि उठतही असेल.

योगाचं विचारलंत म्हणून सांगते : आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठात योगशास्त्र शिकवतात. तिला स्वतःला वाटलं तर बी.ए. झाल्यावरही ते करता येईल.

शिबिराचा धंदा तुम्हाला करायचा असेल तर तुमच्या नावावर करा, पण आधी भाच्याला एक विचारा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पुण्या-मुंबईचा माणूस योगासनांना येणार नाही. तो येईल ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तुमच्या संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या पिकाची तोड ऑक्टोबर ते डिसेंबर चालते. बागेत माणसं लागतात तेव्हाच वाड्यावर पाहुणे असणार, मग त्यांचं पाहणार कोण? नोंदणीला पगारी माणूस ठेवा. मुलीला या महिन्यात कॉलेजचे आणि वसतिगृहाचे अर्ज भरायचे आहेत.