चालतं दुकान विकताना गुडविल किती धरायचं?

प्रश्न : नौपाड्यात आमचं फरसाणाचं दुकान आहे, गाळा स्वतःचा. मुलांना धंद्यात रस नाही, म्हणून गाळा भाड्याने देऊन चालतं दुकान विकायचं आहे. घेणारा माल-फर्निचरचे पैसे द्यायला तयार आहे, पण 'गुडविल म्हणजे हवेचे पैसे' म्हणतो. हा शब्द आला कुठून आणि रक्कम काढायची कशी?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : हवेचे नाहीत, गिऱ्हाइकाच्या सवयीचे आहेत. इंग्रजीत हा शब्द आधी नुसत्या सदिच्छेसाठी होता; सोळाव्या शतकात तो धंद्याला चिकटला. जुनी गिऱ्हाइकं जुन्याच जागी येत राहण्याची शक्यता म्हणजे गुडविल, असं ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी 1810 मध्ये एका खटल्यात सांगितलं. 1901 मध्ये दुसरे ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटन यांनी जागेचा आग्रह सोडला आणि गिऱ्हाईक ओढून आणणारी शक्ती, अशी व्याख्या केली. ठाण्यातला दुकानदार यालाच 'नाव' म्हणतो.

आता हिशोब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. तीन वर्षांचा नफा 14, 16 आणि 18 लाख. सरासरी 16 लाख. एखाद्या वर्षी मोठी एकरकमी ऑर्डर मिळाली असेल, तर तो नफा आधी वगळा. यातून तुमच्या जागी ठेवायच्या माणसाचा पगार, महिना 40 हजार म्हणजे 4.8 लाख, वजा करा. गाळा तुमचाच, म्हणून वहीत भाडं नसेल; घेणाऱ्याला मात्र ते भरावं लागणार. महिना 50 हजार धरले तर 6 लाख. उरले 5.2 लाख. माल, भट्टी, फर्निचर मिळून 10 लाखांचं भांडवल. त्यावर 12 टक्के अपेक्षित परतावा 1.2 लाख. राहिलेले 4 लाख म्हणजे सुपर प्रॉफिट, अपेक्षेपेक्षा जादा नफा. तीन वर्षांची खरेदी धरली, म्हणजे या जादा नफ्याला तीनने गुणलं, तर गुडविल 12 लाख. पगार आणि भाडं वजा केलं नाही, तर हाच आकडा 44.4 लाखांवर जातो. सौदे बहुतेक इथेच फिसकटतात.

तीनच्या जागी दोन धरायचे की चार, हे घासाघीस करून ठरतं. कारागीर टिकणार असतील, रेसिपी लिहून देणार असाल, पाटीवरचं नाव, दुकानाचा फोन नंबर आणि डिलिव्हरी ॲपवरचं खातं सोपवणार असाल, तर जास्त मागा. गिऱ्हाईक केवळ तुमच्या ओळखीने येत असेल, तर कमी.

घेणारा 'पुन्हा इथे दुकान टाकणार नाही' असं लिहून मागेल. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मध्ये गुडविल विक्रीला तशी सवलत आहे, पण हद्द ठरलेली आणि वाजवी हवी. 'महाराष्ट्रात कुठेही नाही' असं लिहून देऊ नका. नौपाडा आणि स्टेशन परिसर पुरे. कराची तयारीही ठेवा : स्वतः कमावलेल्या गुडविलची खरेदी किंमत शून्य धरतात, त्यामुळे त्यापोटी मिळालेली सगळी रक्कम भांडवली नफा ठरते. म्हणून करारात माल, फर्निचर आणि गुडविल यांचे आकडे वेगळे लिहा.

प्रश्न : आमच्या पेढीचं नाव मोठं आहे, तरी सीए ताळेबंदात गुडविल दाखवत नाहीत. एक भागीदार निवृत्त होतोय, त्याचं काय?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : सीएंचं बरोबर आहे. लेखामानक 26 (हिशोब मांडण्याचा ठरलेला नियम) नुसार स्वतः कमावलेलं गुडविल ताळेबंदात येत नाही. पैसे मोजून घेतलेलंच येतं. पण भागीदारी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, गुडविल पेढीची मालमत्ता आहे. म्हणजे निवृत्त होणाऱ्याचा वाटा द्यावाच लागतो, फक्त तो भांडवल खात्यांतून फिरवतात. तिघे समान भागीदार आणि गुडविल 12 लाख असेल, तर जाणाऱ्याच्या खात्यात 4 लाख जमा आणि उरलेल्या दोघांच्या खात्यांत 2-2 लाख नावे.