क्रोममध्ये जीमेल आणि कॅलेंडरच्या सूचना वेळेवर येत नाहीत, काय करावे?

मेल आल्याचं तासाभराने कळतं, मीटिंगची आठवण येतच नाही, असं तुम्ही विचारलं आहे. सूचनेला तीन ठिकाणची परवानगी लागते: जीमेल, क्रोम आणि विंडोज. एकाने अडवलं तरी ती दिसत नाही.

जीमेलमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज' उघडून 'जनरल'मध्ये डेस्कटॉप नोटिफिकेशन शोधा. तिथे 'न्यू मेल' ऐवजी 'इम्पॉर्टंट मेल' निवडा, असं मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक जाहिरातीला खिडकी उघडू लागली की माणूस सगळ्याच सूचनांकडे दुर्लक्ष करतो, आणि कामाचा मेल त्यातच हरवतो. पान खाली नेऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा, नाहीतर बदल टिकत नाही. मग ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावरून साइटला परवानगी द्या आणि विंडोजमधलं 'डू नॉट डिस्टर्ब' बंद आहे ना, ते बघा.

जीमेलचा टॅब मात्र उघडा हवा. क्रोमचा मेमरी सेव्हर न वापरलेले टॅब झोपवतो, त्यामुळे 'परफॉर्मन्स' सेटिंगमधल्या 'कायम चालू ठेवा' यादीत जीमेल आणि कॅलेंडर दोन्ही घाला. माझ्या मते बहुतेकांची अडचण इथेच असते.

कॅलेंडरमध्ये सूचनेची वेळ प्रत्येक कॅलेंडरला वेगळी ठरवता येते. ऑफिसच्या कॅलेंडरला दोन सूचना लावा: तयारीसाठी 30 मिनिटं आधी, जॉइन होण्यासाठी 5 मिनिटं आधी. वाढदिवसांच्या कॅलेंडरला सकाळची एक पुरे.