गोव्यात लाकडी सांगाड्याचा मांगर पहिल्यांदाच बांधतोय, तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीकडच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) तीन बाय चार मीटरचा लाकडी मांगर, म्हणजे शेतातली छोटी खोप, शनिवार-रविवारी स्वतः उभा करायचाय, सुतारकामाचा अनुभव शून्य, नियोजन कुठून सुरू करू. आणि खाली सहज विचारलंय, "खांब काँक्रीटमध्ये पुरले की पक्के राहतील ना?" मी इथे एरवी नुसता वाचक असतो. पण या शेवटच्या ओळीवर गप्प बसवेना.

नाही राहणार. पुरू नका.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा फोंड्याकडच्या आमच्या घरामागचा फणस आडवा झाला. घेर चार फूट, आजोबांच्याही आधीचा. वनखात्याचे सोपस्कार करून जुलैत तो सॉ-मिलवर चिरून आणला आणि फुकटात लाकूड मिळालं म्हणून मांगर बांधायचं डोक्यात घेतलं. व्हिडिओ मीही भरपूर पाहिले होते. परदेशातले लोक ओक ओला असतानाच सांधे कापतात आणि लाकूड वाळता वाळता सांधा आवळला जातो. ते खरंच आहे. पण त्यांचा खांब जमिनीत नसतो, हे मी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे सल्लागार दोन. एक आमचे मेस्तमामा, जुने सुतार, पंचाहत्तरीचे, पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांचे वासे त्यांच्या हातचे. दुसरे भावोजी, सिव्हिल इंजिनियर, आयुष्य स्लॅब घालण्यात गेलं. मेस्तमामांनी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जोत्याकडे बघितलं आणि प्रत्येक खांबाखाली काळा दगड ठेवायला सांगितलं. चिरा पाणी पितो, वर चढवतो, त्यावर लाकूड थेट टेकवायचं नाही. भावोजी म्हणाले, दगडावर नुसता टेकवलेला खांब म्हणजे सर्कस, दीड फूट खड्डा घ्या, आत काँक्रीट ओता, वादळ आलं तरी हलणार नाही. मेस्तमामा एवढंच म्हणाले, "बाबू, लाकडाक वारें जाय." म्हणजे लाकडाला वारा हवा. भावोजी हसले. मीही हसलो, ते आजही आठवतं.

मार्च 2022 मध्ये, शिगम्याच्या सुट्टीत, सांगाडा उभा केला. मागचे-पुढचे कोपरे मिळून चार खांब काँक्रीटमध्ये गेले. ओसरीच्या दोन खांबांची पाळी आली तेव्हा सिमेंट संपलं, रविवार होता, दुकान बंद. मेस्तमामा काही न बोलता गोठ्यामागून आजीच्या जात्याचे दोन दगड ढकलत घेऊन आले, वरचा आणि खालचा. मधल्या भोकात सळी बसवली, खांबाच्या तळाला तेवढंच भोक पाडलं आणि खांब त्यावर उभे केले. भावोजी म्हणाले, हे तात्पुरतं, पुढच्या रविवारी नीट करू. तो रविवार आला नाही.

2023 च्या चवथीआधी मांगर झाडायला गेलो. मागच्या डाव्या खांबाच्या बुंध्याशी बोटभर मातीची नळी चढलेली दिसली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला, जसा पिकलेल्या पपईत जावा. सातेरी देवीची रोयण, म्हणजे वाळवीचं वारूळ, देवळात पुजायची, खांबात नव्हे.

झालं होतं असं. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडवं आकसतं, आणि वर्तुळांच्या दिशेने तर गाभ्याच्या दिशेच्या सुमारे दुप्पट. काँक्रीट मात्र जिथल्या तिथे. पहिल्याच उन्हाळ्यात खांबाभोवती पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. पावसात ती भरली की पाण्याला बाहेर जायला वाट नाही. म्हणजे आपणच खांबाभोवती वाटी बांधली आणि ती चार महिने भरून ठेवली. चारही खांब कमी-जास्त असेच निघाले. जात्यावरच्या दोन खांबांना नखही रुतेना.

सव्वातीनशे कौलं उतरवली, आढ्याखाली जॅक लावले, खांबांचा खालचा हातभर भाग कापून काढला आणि काळे दगड बसवले. तीन आठवडे गेले. मेस्तमामा रोज आले, एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाले नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला.

भावोजींचं म्हणणं आजही हेच की लाकूड कच्चं होतं. बरं, कच्चं होतं. हवेवर वाळायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण वर्ष धरतात, आणि मी पाच इंची खांब सात-आठ महिन्यांत उभे केले. पण सहाही खांब एकाच झाडाचे, एकाच दिवशी चिरलेले, एकाच पावसात भिजलेले. चार कुजले, दोन नाहीत. याहून सरळ प्रयोग कुठल्या कॉलेजात करतात ते त्यांनी सांगावं.

आता तुमच्या नियोजनाचं. कागदपत्रं आधी: जमिनीचा एक-चौदाचा उतारा, जागेचा झोन, पंचायतीचा परवाना. "लाकडी आहे, कच्चं बांधकाम आहे" म्हणून कोणी विचारणार नाही असं धरून चालू नका. कुळागरातलं झाड तोडणार असाल तर 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर. (माडाला झाड म्हणायचं की नाही यावरसुद्धा आपल्याकडे 2016 मध्ये रण पेटलं होतं.)

लाकूड घेताना गोल ओंडक्याचं माप समजून घ्या, नाहीतर सॉ-मिलवर नुसती मान डोलवाल. घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर चार फूट आणि लांबी दहा फूट असेल तर दहा घनफूट. भूमितीने ते पावणेतेरा भरतं. तो फरक चिरताना वाया जाणाऱ्या लाकडाचा, तुम्हाला कोणी फसवत नाहीये. फणस, माट्टी (ऐन), किंदळ (किंजळ) यांतलं जवळ जे मिळेल ते चालेल, पण माट्टी वाळताना फाटते आणि तासायला हात मागते. नवख्याला फणस सोपा. बाहेरचा पांढरा भाग मात्र काढून टाका, वाळवी आणि भुंगे तिथूनच आत शिरतात. अमावास्येच्या सुमारास तोडलं की कीड लागत नाही असं मेस्तमामा म्हणतात. मी त्यावर वाद घालत नाही. वादळाने पंचांग बघितलं नव्हतं.

वजनाचा हिशेब कागदावर आधी करा. ओलं लाकूड घनफुटाला पंचवीस-तीस किलो. सहा बाय सहा इंचाची बारा फुटी तुळई म्हणजे तीन घनफूट, ऐंशी किलोच्या आसपास. ती दोघांनी डोक्यावर उचलून चढवायची नसते. मंगळुरी कौलं चौरस मीटरला पंधराच्या आसपास, एक कौल अडीच-तीन किलोचं. तीन बाय चारच्या मांगराचं छप्पर वळचण धरून वीस चौरस मीटर होतं, म्हणजे तीनशे कौलं, पाऊण टन ते नऊशे किलो. पावसात ती पाणीही पितात. उतार तीस अंशांच्या खाली आणू नका, कितीही कोणी म्हटलं तरी. आणि वळचण दोन फूट बाहेर काढा. भिंतीवर पाऊस येऊ न देणं हे कुठल्याही तेलापेक्षा स्वस्त.

सांध्याचं सगळं लिहीत बसलो तर रात्र जाईल. एकच सांगतो, कारण ते मी हाताने केलंय. तुळईच्या टोकाला कूस (तासून काढलेली जीभ), खांबात ती बसेल असं भोक, आणि दोन्हींतून आडवी लाकडी खुंटी. खुंटीचं भोक आधी खांबात पाडा, कूस आत घालून त्यावर खूण करा, मग कूस बाहेर काढून ते भोक खुणेपासून दोन-तीन मिलिमीटर तुळईच्या अंगाकडे सरकवून पाडा. खुंटी ठोकली की कूस आपोआप आत खेचली जाते. खुंटी मात्र खडखडीत वाळलेल्या लाकडाची हवी. पहिली चार मी माझ्या घाईने चुकीच्या बाजूला सरकवली होती, म्हणजे ठोकलं की सांधा उघडायचा. म्हणून आधी मोडक्या तुकड्यांवर दोन सांधे करून बघा. तुमचे पहिले दोन शनिवार त्यातच जातील, जाऊ द्या.

भावोजींची बाजूही सांगायला हवी, ते हे वाचणार आहेत. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात कर्ण, म्हणजे तिरकं आधाराचं लाकूड, टाका हा हट्ट त्यांचा होता, आणि तो बरोबर होता. कर्ण नसता तर खांब कापताना छप्पर तिरकं झालं असतं. वाऱ्याची भीतीही त्यांची खरी. दगडावर टेकवलेला खांब वारा वर उचलू शकतो, म्हणून दगडातली सळी आणि खांबाला लोखंडी पट्टी लागतेच. मी दुरुस्तीत दोन्ही लावल्या. शिवाय ओसरीचे दोन खांब पूर्वेला आहेत, त्यांना सकाळचं ऊन मिळतं आणि आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडतो. हे मान्य. पण काँक्रीटमधल्यांपैकी पुढचे दोन कोपरेही पूर्वेलाच होते, ओसरीच्या खांबांपासून सहा फुटांवर, आणि तेही गेले.

आणि हो, लाकूड बाहेर रचून ठेवाल तेव्हा टोकांना जुना ऑइलपेंट फासा. लाकूड टोकांकडून भराभर वाळतं आणि तिथूनच फाटतं. मी विसरलो होतो, दोन तुळया दीड-दीड फूट आखूड करून वापराव्या लागल्या. तो दोष पूर्ण माझा, भावोजींचा नाही.