माफ केलं म्हणजे सही केली असं नाही

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. घरी कोंकणी असली तरी शाळा मराठी, म्हणून मन मोकळं करायचं ते मराठीतच, हे तू लिहिलंस ते आवडलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पेडण्याच्या या बहिणीने आईचं सहा वर्षं केलं. आई गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर), बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, सगळे नातेवाईक बसलेले असताना, कुवेतहून आलेल्या भावाने घराच्या हक्कसोडीचा कागद पुढे केला. ती गप्प राहिली, तसा तो म्हणाला, “सेवा काय, घरासाठीच केलीस ना? देवाला मानतेस, तर सोडून दे.” आता ती विचारते, माफी तोंडातून निघतच नाही, मी पापी का?

नाहीस. कागद तुला बोचत नाही, ‘घरासाठीच’ हा शब्द बोचतोय. या दोन गाठी आहेत. भावाने त्या एकत्र बांधल्या, तू सोडवून वेगळ्या ठेव.

कागदाचं लवकर सांगून टाकते. गोव्यात वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्र केलं तरी आईबापांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखीवच असतो. तेव्हा सही करायची की इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणीची केस, घालायची ते वकिलाला विचारून, डोकं शांत असताना ठरव. हिस्सा ठेवलास म्हणून तू कमी ख्रिस्ती होत नाहीस. बायबलमधल्या योसेफाने त्याला विकणाऱ्या भावांना माफ केलं, पण आधी धाकट्या भावाला आणवून त्यांना चांगलं पारखलं, आणि मगच गळ्यात पडून रडला.

आता दुसरी गाठ. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातलं ‘साताच्या सत्तर वेळा’ माफ कर, हे आपल्याला पाठ असतं. भावानेही तुला तेच ऐकवलं असणार. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, येशू सांगतो: भावाने अपराध केला तर जा, दोघंच असताना त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे, आणि चर्च त्यानंतर. तुझा भाऊ उलट्या टोकाने निघाला, सुरुवातच बाल्कांवावरून. पण रागावू नकोस, तूही तेच केलंस. मावसबहिणीला सांगितलंस, पाद्रीला सांगितलंस, मला चार पानं लिहिलीस, फक्त त्याला नाही सांगितलंस.

आणि त्याचं तोंड दिसू नये म्हणून गावचं मिस्स सोडून नदीपलीकडे कोलवाळला जातेस! भावाचं तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी समेट कर, असं मत्तयातच म्हटलंय. वेदीच बदल, असं कुठे म्हटलंय?

माफी आतून आपोआप उकळून वर येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. आधी जा आणि एवढंच बोल: “तू त्या दिवशी जे म्हणालास, ते मला लागलं.” घराचा विषय त्याने काढला तर म्हण, “त्याचं नंतर.” तो तिथल्या तिथे कळवळेल असं मी म्हणत नाही. पुरुषमाणूस, वर चार लोकांत बोललेला; कदाचित टीव्हीच लावेल. तरी तुझं सांगून झालेलं असेल.

व्हॉट्सॲपवर मात्र नको. तो वीस तारखेला परत जातो म्हणतेस, तर त्याआधीची एखादी संध्याकाळ बघ. आईने घातलेली चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) अजून बरणीत आहेत ना, त्यातली थोडी बांधून ने. नवऱ्याला मात्र घरीच ठेव. पत्रावरून तरी तो तुझ्याहून जास्त तापलेला दिसतोय.