खुर्चीवरच्या दोन उशा

"कॅमेऱ्यासमोर मला उठताच आलं नाही तर?" मोठ्या आजारातून घरी परतलेल्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने घसा खाकरला तरी तो येणार हे कळतं. फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर चाचणी घेणार असतात. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, एवढंच मोजायचं. ऐकायला पोरखेळ. पण अतिदक्षता विभागातून आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

असेच एक गृहस्थ (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). वय ५२, न्यूमोनिया, काही दिवस व्हेंटिलेटर. घरी येऊन दोन महिने झाले होते. मी त्यांचा समुपदेशक, आमच्या भेटीही फोनवरच. पहिल्या तीन भेटींत मला फक्त त्यांचा चेहरा दिसला, दाढी केलेला, हसरा. "मी मजेत. चाचणीत नऊ वेळा उठलो." मागून पत्नी काहीतरी पुटपुटायच्या आणि गप्प व्हायच्या. एवढं मात्र कळलं होतं की व्यायाम केला की ते पुढचे दोन दिवस अंथरुणात असतात आणि आजार उलटला म्हणून धास्तावतात.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "ती खुर्ची दाखवता का मला?"

फोन सावकाश वळला. खुर्चीवर एकावर एक दोन उशा.

"पाठीला..." ते म्हणाले आणि थांबले. मग, "काढल्या तर पाचच होतात."

बैठक उंच असली की उठणं सोपं जातं. नऊ आकडा धरून व्यायाम ठरला होता, पाय मात्र पाचाचे होते. आजार उलटला नव्हता, मात्रा चुकली होती.

"पाच सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"त्यांनी लिहून घेतलं असतं."

"मग?"

बराच वेळ गेला. "मग ते खरं झालं असतं."

मी तिथे घाई केली नाही. माणसाला छळतो तो आकडा नव्हे, त्या आकड्याला त्याने मनात जोडलेलं वाक्य, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. ते वाक्य त्यांना कागदावर लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'मी एव्हाना बरा व्हायलाच हवा होतो.' म्हटलं, यातला 'च' खोडा आणि पुन्हा वाचा. त्यांनी दोनदा वाचलं. "आता नुसतं वाईट वाटतंय," ते म्हणाले. "मघाशी गुन्हा केल्यासारखं वाटत होतं."

'च' खोडायला मी पुष्कळांना लावलंय, पण हा फरक इतका नेमका मलाही सांगता आला नसता.

गुन्हा कसला? अतिदक्षता विभागातल्या पहिल्या १० दिवसांत मांडीच्या पुढच्या एका स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी जवळपास १८ टक्क्यांनी घटतं, असं २०१३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. अशक्तपणा, विसराळूपणा, खचलेलं मन हे सगळं मागे रेंगाळतं, त्याला २०१२ पासून 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असं नावही आहे. नाव असलं की माणूस स्वतःला आळशी म्हणणं जरा कमी करतो.

चाचणी येऊ घातली असेल तर खुर्ची बिनचाकाची, भिंतीला टेकवलेली आणि दर वेळी तीच असू द्या. बैठक साधारण ४३ सेंटिमीटर उंच. फोन बाजूला असा ठेवा की डोक्यापासून पावलापर्यंत दिसाल. पडद्यातून कुणी सावरू शकत नाही, म्हणून घरचं माणूस हाताच्या अंतरावर हवं. आपण आत्ता कुठे आहोत तो पत्ता आधीच सांगून ठेवा. छातीत दुखलं, गरगरलं, दम आवरेना, तर तिथेच थांबा. ऑक्सिमीटर बोटाला लावलेला असेल तर संपल्या संपल्या काढू नका, कधीकधी सगळ्यात कमी आकडा थांबल्यावर दिसतो. हात टेकावे लागले तर या चाचणीत शून्य लिहितात. तेही सांगा, लपवू नका, व्यायाम त्यावरूनच ठरतो. आणि घरच्यांनो, "अजून एक, अजून एक" असं ओरडू नका हो.

सहा आठवड्यांनी त्यांचा फोन आला. पुन्हा चाचणी झाली होती, उशा कपाटात होत्या.

"सहा," ते म्हणाले. "सातव्याला वेळ संपली, मी अर्धवटच उठलो होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणतात अर्ध्याच्या वर उठलेलं धरतात, म्हणून सात लिहिले. मी म्हटलं, सहाच लिहा."